सहा नंबरच्या लेनवरचं तेल

माझा थोरला भाऊ गेल्या चार वर्षांत माझ्याशी एकदाच नीट बोलला. त्या बोलण्यापेक्षा त्याचा अबोला बरा होता. आमच्यात वाटणी झालेली नाही, बांधावरून भांडण नाही, घरातल्या बायकांचं वाकडं नाही. गावात, पिशोरला, कुणाला सांगितलं की आम्ही दोघं भाऊ तेलावरून तुटलो, तर लोक विचारतात, कसलं तेल? मग मला बोलिंगची लेन, तिच्यावरचं तेल असं सगळं सांगत बसावं लागतं, आणि ऐकणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसायला लागलं की माझं डोकं फिरतं. इथं एकदाच सगळं लिहून टाकतो. चूक माझी होती हे आधीच सांगतो, म्हणजे शेवटी कुणी आश्चर्याचं तोंड करायला नको.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो. त्यानंतर मला शाळेत मारून-मुटकून पाठवणारा, आयटीआयच्या फॉर्मवर पालक म्हणून सही करणारा, माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी माझ्याआधी देवापुढं पेढे ठेवणारा तोच. त्याच्या हाताला मशीन कळायचं. विहिरीवरच्या मोटारी, जिनिंगची यंत्रं, जे समोर येईल ते उघडून बसायचा आणि दुरुस्त करूनच उठायचा. शहरात जालना रोडवरच्या एका मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर बोलिंग सुरू झालं, तेव्हा तिथं मेकॅनिक म्हणून लागला. मी वाळूजला एका कंपनीत होतो. आम्ही दोघं गारखेड्यात खोली करून राहायचो. वहिनी आणि शेती पिशोरला.

मी बोलिंग खेळायला लागलो ते दादामुळंच. रविवारी मॉल उघडायच्या आधी तो लेन तयार करायचा आणि मॅनेजरच्या परवानगीनं मला दोन-तीन गेम खेळू द्यायचा. पहिल्यांदा मी बॉल टाकला तो सरळ लेनच्या कडेच्या गटरात. दादा हसला नाही. तो म्हणाला, "जोर कामून लावतो? बैल हाय का ते?"

लेनवर तेल असतं हे खेळणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना माहीतच नसतं. लेन म्हणजे शेजारी शेजारी बसवलेल्या अरुंद, उभ्या फळ्या. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडायच्या रेघेपासून, लेनचा साधारण दोन-तृतीयांश भाग तेलानं माखलेला असतो, पुढचा कोरडा. तेल इतकं पातळ की डोळ्यांना दिसत नाही. फिरवून सोडलेला बॉल तेलावर सरळ घसरत जातो, कोरडं लागलं की पकड घेतो आणि वळतो. मी उजव्या हाताचा, त्यामुळं माझा बॉल डावीकडं वळून पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत शिरला पाहिजे. तेल जास्त असेल तर तो वळतच नाही, कमी असेल तर आधीच वळून बसतो. शिवाय खेळता खेळता प्रत्येक बॉल थोडं तेल पुसून नेतो, म्हणजे तासाभरापूर्वीची लेन आता राहिलेली नसते. मग उभं राहायची जागा बदलायची, बॉल सोडायचा वेग बदलायचा, कधी मनगट कमी फिरवायचं, कधी गुळगुळीत बॉल ठेवून खरखरीत घ्यायचा.

दादाला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. त्याचा शब्द वेगळाच होता. तो म्हणायचा, "वापसा बघ आधी." पाऊस पडून गेल्यावर रान ना ओलं ना कोरडं, औताला तयार, अशी जी वेळ असते ती त्याला पायाच्या अंगठ्यानं कळायची. लेनचंही तसंच. पहिले चार बॉल स्कोअरसाठी टाकायचे नाहीत, वापसा बघायला टाकायचे. बॉल कुठं वळायला लागला ते बघायचं. आधी वळला तर डावीकडं सरकायचं, दोन फळ्या पायानं, एक फळी नजरेनं. "हात तोच ठीव. पाय हलीव," हे त्याचं कायमचं. मी नेमका उलटा. पायाची जागा धरून बसायचो आणि हातानं काहीबाही करत राहायचो. माझा स्वभावच तसा आहे. आपण हलायचं नाही, समोरच्यानं जमवून घ्यावं.

आणि आमच्याकडं जमतही होतं. मॅनेजरच्या सांगण्यावरून लेनला दिसाआड तेल लागायचं, तेही मध्ये भरपूर आणि कडेला जवळजवळ नाही. हौशी लोकांना हे बरं असतं. बॉल बाहेर गेला तरी कोरडी कड त्याला परत आत आणते, आणि टाकणाऱ्याला वाटतं आपण काय टाकला! मलाही तेच वाटायचं. माझे स्कोअर चढत गेले, शहरातल्या दोन-तीन स्पर्धा मी मारल्या, आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

मग एका पावसाळ्यात पत्रक आलं. राज्य संघाची निवड चाचणी थंडीत आमच्याकडं होणार होती. पहिल्या तिघांची निवड. मी पत्रकातली तारीख वाचली आणि टी-शर्टाचा रंग वाचला. दोन पानांचं होतं, दुसरं पान मी उलटलंही नाही. कपाटावर ठेवलं, तिथून दादानं कधी नेलं ते मला कळलं नाही.

पुढच्या रविवारपासून दादा मला सहा नंबरच्या लेनवर खेळवायला लागला. आणि ती लेन म्हणजे नुसता छळ. बाहेर टाकलेला बॉल परत यायचं नावच घेईना. बाहेर गेला की गेला, सरळ गटरात. आत टाकला तर नाकासमोर जाऊन आदळायचा आणि दोन्ही कडेच्या पिना उभ्या ठेवायचा. जिथं मी दोनशेच्या पुढं जायचो तिथं एकशे वीसवर माझी दमछाक. मी वैतागून म्हणालो, "दादा, या लेनचं मशीन बिघडलंय. मला तीन नंबरवर खेळू दे."

"खेळ गुमान," तो म्हणाला.

एवढंच. आमच्या घरात थोरल्यानं सांगायचं आणि धाकट्यानं करायचं. का, हे विचारायची रीत नाही आणि सांगायचीही नाही. वडिलांनी आजोबांना कधी विचारलं नाही, दादानं वडिलांना विचारलं नाही, मी दादाला विचारलं नाही. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. शिव्या घालत का होईना, सहा नंबरची लेन मी सहा महिने खेळलो. हळूहळू पाय हलायला लागले. एक फळी इकडं-तिकडं झाली तर काय होतं ते कळायला लागलं. बॉलचा वेग कुठं मारायचा, कितव्या गेमला डावीकडं सरकायचं, सगळं अंगात गेलं. तरी मला वाटत होतं की हे सगळं वाया चाललंय, कारण अशी फुटक्या कपाळाची लेन दुसरीकडं कुठं असणार?

चाचणीच्या आठ दिवस आधी मी त्याला ते बोललो. जेवत होतो आम्ही. पिठलं होतं. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी तेल तूच लावणार ना? जरा बघ की आपल्या सोयीचं. कोण मोजतंय?"

दादानं भाकरी मोडली. माझ्याकडं बघितलं नाही. "जेव," म्हणाला.

दोन दिवसांनी बूट घालता घालता तो म्हणाला, "त्या दिवशी हॉलमधी मपल्याकडं बघायचं नाय. बोलायचं नाय. म्या तुझा कोणी नाय, समजलं?"

मला समजलं. म्हणजे मला वाटलं की मला समजलं. मनात म्हणालो, दादा तयार झाला. खरं सांगायचं तर त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी शीळ घालत बसलो होतो. आपला दादा आपल्यासाठी लबाडी करणार याची लाज वाटली नाही, उलट ऊर भरून आला. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिलं नाही तर पुढचं सगळं खोटं ठरेल.

चाचणीच्या दिवशी नाशिकचे, पुण्याचे, नागपूरचे खेळाडू आले होते. त्यांच्या बॅगांत चार-चार बॉल. माझ्याकडं दोन. दादा निळ्या कपड्यांत मशीनच्या खोलीच्या दारापाशी उभा होता, हातात फडकं. मी त्याच्याकडं बघितलं नाही. सरावाचा पहिला बॉल मी नेहमीच्या सवयीनं कडेनं सोडला. तो परत आला नाही. दुसऱ्या लेनवर गेलो, तिथंही तेच. तिसऱ्या बॉलला ओळख पटली. सगळ्या लेन सहा नंबरसारख्या होत्या! तीच हट्टी चाल, त्याच फळीवर वळण.

मला वाटलं, काय डोकं आहे दादाचं! कड कोरडी ठेवली असती तर सगळ्यांचाच फायदा झाला असता. त्यानं काय केलं, तर जी बिघडलेली लेन फक्त मला तोंडपाठ आहे तिच्यासारख्या बाकीच्या करून ठेवल्या. बाकीचे चाचपडत होते, बॉल बदलत होते, कपाळाला आठ्या घालत होते. मी दोन फळ्या सरकलो, वेग कमी केला आणि खेळलो. सहा गेम. चौथ्या गेमला तेल हटायला लागलं, ते मला इतरांच्या आधी कळलं, कारण सहा नंबरवरही ते तेव्हाच हटायचं. शेवटी बोर्डावर माझं नाव दुसरं होतं.

नाव दिसलं आणि माझं भान गेलं. मी तडक मशीनच्या दारापाशी गेलो आणि सगळ्यांच्या देखत दादाच्या पाया पडलो. त्यानं नको म्हटलेलं मी केलं. पण आम्ही असेच आहोत. दहावी पास झालो की पाया पडतो, नोकरी लागली की पडतो, गावाहून निघताना पडतो. हात आपसूक खाली जातात. दादानं मला झटकन उठवलं आणि हळूच म्हणाला, "काय केलं रे हे?"

चौथा आलेला खेळाडू ते बघत होता. त्याची निवड एका जागेनं हुकली होती. हे दोघं कोण, ते त्यानं काउंटरवर विचारून घेतलं. "अरे, तेलवाला तो इसका भाई है," तो मोठ्यानं म्हणाला, आणि पाच मिनिटांत लेखी तक्रार झाली.

पंच एक वयस्कर बाई होत्या. चष्मा गळ्यात अडकवलेला, आवाज शांत. त्यांनी मला बोलावलं. "लेन तयार करणारे तुमचे कोण?"

"भाऊ."

"तुम्हाला तेलाबद्दल आधी काही सांगितलं होतं त्यांनी?"

मला पक्कं वाटत होतं की त्यानं केलंय. पकडले जाणार हेही पक्कं वाटत होतं. आणि त्या एका क्षणात मी माझ्यापुरतं बघितलं. म्हणालो, "मॅडम, तेल त्यांनी घातलंय. मला त्यातलं काही माहीत नाही. काय केलं असेल ते त्यांना विचारा."

दादा दहा फुटांवर होता. फडक्यानं हात पुसत होता. पुसायचा थांबला.

मॅनेजर मध्ये काहीतरी बोलायला गेले, बाईंनी त्यांना थांबवलं. त्या दिवशी सकाळी तेल लावलेल्या दोन लेन अशाच प्रसंगासाठी न खेळता राखून ठेवल्या होत्या. बाईंनी त्यांच्यावर आडव्या पारदर्शक पट्ट्या चिकटवल्या, उचलल्या आणि बरोबर आणलेल्या यंत्रावर एकेक फळी तपासत गेल्या. तासभर चाललं. दादा तेवढा वेळ उभाच होता. कुणीतरी खुर्ची दिली तर बसला नाही. मी पाणी पीत होतो, सारखं पीत होतो.

शेवटी बाईंनी चष्मा काढला. "पत्रकात तेलाचा जो पॅटर्न छापलाय, तंतोतंत तोच आहे," त्या म्हणाल्या. "तक्रारीत तथ्य नाही." मग मॅनेजरकडं वळून म्हणाल्या, "तुम्हाला मघाशी काय सांगायचं होतं?"

मॅनेजर म्हणाले, "हेच, की यानं महिनाभर आधीच मला लिहून दिलं होतं. माझा भाऊ खेळणार आहे, तेल दुसऱ्या कुणाकडून लावून घ्या म्हणून. पण दुसऱ्या कुणाला तेलाचं मशीन चालवता येत नाही, म्हणून मीच यालाच लावायला सांगितलं."

मी मशीनच्या खोलीत गेलो. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत दोनदाच गेलो असेन, तिथं वास येतो म्हणून. भिंतीवर पत्रकाचं दुसरं पान डकवलेलं होतं. कोपरे तेलकट झालेले, मधली घडी विरलेली. कुठल्या फळीवर किती तेल, कुठपर्यंत, सगळं छापलेलं होतं, कुणालाही वाचता येईल असं. त्याच्या खाली दादाच्या अक्षरात पेन्सिलीनं एकच ओळ: "६ नं. ला दर रविवारी." मशीन बिघडलेलं नव्हतं. सहा महिने दर रविवारी तो पहाटे येऊन ती एक लेन चाचणीसारखी करून ठेवत होता. त्यानं माझ्यासाठी तेल बदललं नव्हतं. मला बदललं होतं.

मी बाहेर आलो तेव्हा दादा लेन पुसत होता. मी जवळ गेलो. तो म्हणाला, "डबा राह्यलाय वर, घेऊन जा." त्यानंतर आठ दिवस तो गारखेड्याच्या खोलीत माझ्याबरोबर राहिला, आणि त्या आठ दिवसांत एवढंच बोलला. नवव्या दिवशी किल्ल्या मॅनेजरकडं दिल्या. मॅनेजर दोनदा खोलीवर येऊन गेले, थांब म्हणाले, पगार वाढवतो म्हणाले. दादा पिशोरला गेला. राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेला मी गेलो आणि खालून दुसरा आलो. तिथलं तेल वेगळं होतं आणि मला वापसा कळेना. आता दोन्ही बॉल कपाटावर आहेत.

चार वर्षं मी महिन्या-दोन महिन्यांनी गावी जात राहिलो. वाटेतली फुलंब्री मागं पडली की दादाशी काय बोलायचं त्याची मनात उजळणी करायचो. दादा असायचा, वाईट वागायचा नाही. "चहा दे त्याला," वहिनींना सांगायचा. माझी ख्यालीखुशाली माझ्यासमोर वहिनींना विचारायचा. मला वाटायचं याच्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या तर बरं.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा तो ओसरीत बाजेवर बसला होता. आल्याची लागवड नुकतीच झाली होती. पाय मातीनं भरलेले. वहिनी आत होत्या. तो अंगणाकडं बघत आपणहून म्हणाला, "लई दिस इचार केला म्या. तू भेला आसशील त्या वक्ताला. लोकं जमले, ती बाई इचारू लागली. भेलाच आसशील. लहानपणापून भित्राच तू."

चार वर्षांनी त्यानं दार उघडलं होतं. मला फक्त "व्हय" म्हणायचं होतं. व्हय दादा, भेलो. एवढ्यानं भागलं असतं. आम्ही जेवलो असतो, तो मला रान दाखवायला घेऊन गेला असता. पण मला वाटलं, आता तरी या माणसाशी खरं बोलावं. आणि त्यातही मी माझंच बघितलं, माझ्या छातीवरचा धोंडा. म्हणालो, "भ्यालो, पण तेवढंच नाही दादा. मला वाटलं होतं, तू खरंच केलंस. माझ्यासाठी. मी आधी बोललो होतो ना तुला."

त्यानं पाय बाजेखाली सोडले. मग माझ्याकडं वळला. चार वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं.

"म्हंजी तुला वाटलं, म्या चोरी केली," तो म्हणाला. "आन् तरी पाया पडला?"

वहिनींनी चहा आणला, तो दोघांनीही घेतला नाही. थोड्या वेळानं शेवटची गाडी चुकेल म्हणून उठलो. निघताना हात आपसूक खाली गेले. दादानं पाय वर बाजेवर ओढून घेतले आणि मातीसकट धोतराखाली झाकले.